पांढरीतील नाणे आणि धातुशोधक यंत्र



मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की जुन्या गावाच्या पांढरीवर गुराखी आणि शाळकरी मुले मणी, खापरे आणि नाणी वेचू लागतात. महाराष्ट्राला हे दृश्य नवे नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी अशाच वस्तू वर्षानुवर्षे जमविल्या आणि त्यांच्या संग्रहातून तेथील शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले. अलीकडे मात्र माणसाच्या डोळ्यांच्या जोडीला धातुशोधक यंत्र आले आहे. मार्च २०२५ मध्ये, जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर परिसरात, असीरगडाजवळच्या शेतांत मोगली नाणी सापडतात अशी वार्ता पसरली. लोक रात्री विजेऱ्या घेऊन शेते उकरू लागले. काहींच्या हाती ही यंत्रे होती. असा प्रसंग कोणत्याही गावावर येऊ शकतो. म्हणून हे यंत्र काय सांगते आणि काय सांगत नाही, हे गावातील जाणत्या माणसांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

यंत्राची भाषा

यंत्राच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्प्रवाह सोडला, की जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. तेथे धातू असेल तर त्यात प्रवाहाचे लहान लहान भोवरे उठतात आणि त्यांचा प्रतिसाद यंत्र टिपते. तो किती मागे पडून येतो, यावरून धातूचा अंदाज बांधता येतो. चांदी आणि तांबे हे विजेचे उत्तम वाहक. शिसे त्या मानाने पुष्कळ कमी. लोखंड चुंबकाला ओढले जात असल्याने त्याचा प्रतिसाद निराळा. त्यामुळे ‘लोखंड वगळावे’ अशी आज्ञा यंत्राला देता येते, आणि बहुतेक शोधणारे ती देतात.

अडचण येथेच सुरू होते. पांढरीत केवळ प्राचीन वस्तू नसतात. मोडके खिळे, बैलांच्या पायांच्या पत्र्या, विळ्यांचे तुकडे, तारा, बाटल्यांची झाकणे, ॲल्युमिनियमचे जुने पाच-दहा पैसे यांचाही तेथे खच असतो. खिळा आणि नाणे शेजारी असतील तर दोघांचे प्रतिसाद एकमेकांत मिसळतात आणि लोखंड वगळणारे यंत्र नाण्यावरूनही मुकाट्याने पुढे जाते. ॲल्युमिनियमचा कपटा आणि सोन्याचे लहान नाणे यांचे आवाज सारखे येऊ शकतात. सातवाहन राजांची पुष्कळ नाणी शिशाची, किंवा तांबे, कथील व शिसे यांच्या पोटीन नावाच्या मिश्रणाची आहेत. हलक्या आवाजाला कचरा मानणारा शोधक नेमकी अशी नाणी मागे सोडतो.

हा अनुभव यंत्राच्या जन्माइतकाच जुना आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष जेम्स गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी शोधण्यासाठी दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी असे एक उपकरण सिद्ध केले. गोळी सापडली नाही. ती उजव्या अंगाला असावी असे धरून डॉक्टरांनी तोच भाग तपासू दिला होता. प्रत्यक्षात ती डावीकडे होती. शिवाय रुग्णाच्या अंथरुणात पोलादी तारा होत्या, हे बेल यांना मागाहून कळले. पूर्वग्रह आणि भोवतालचे लोखंड, या दोन गोष्टी आजही शोधकाला चकवतात.

‘रिकामी’ जागा

म्हणून वारंवार धुंडाळलेली जागा सहसा रिकामी नसते. तेथून मोठी, वरची, चांदी-तांब्याची नाणी गेलेली असतात. लहान, खोल गेलेली, कडेवर उभी किंवा लोखंडाआड दडलेली नाणी उरतात. सराईत शोधक अशा जागी लहान वेटोळे वापरतात, ते सावकाश फिरवतात, एकच पट्टा आधी उभा व मग आडवा तपासतात आणि खिळे काढून टाकून पुन्हा शोध घेतात. उपाय परिणामकारक आहे, आणि म्हणूनच तो घातकही आहे. कारण फेकून दिलेला खिळा हाही इतिहासाचा कागद असतो.

याचे उत्तम उदाहरण अमेरिकेच्या मोंटाना राज्यात आहे. तेथे लिटल बिगहॉर्न नदीकाठी जून १८७६ मध्ये लाकोटा, शायेन आदी योद्ध्यांनी कस्टर यांच्या घोडदळाचा पराभव केला. पुढे या रणभूमीवरून हौशी लोकांनी असंख्य वस्तू उचलून नेल्या. ऑगस्ट १९८३ मध्ये वणव्याने तेथील गवत जळाले. १९८४ आणि १९८५ मध्ये डग्लस स्कॉट व रिचर्ड फॉक्स या पुरातत्त्वज्ञांनी धातुशोधक यंत्रे हाती दिलेल्या स्वयंसेवकांची रांग तेथून चालवली. प्रत्येक आवाजाच्या जागी निशाण रोवले गेले, वस्तूची जागा मोजून नोंदली गेली. सापडली ती बहुतांशी रिकामी काडतुसे आणि गोळ्या. परंतु काडतुसांवरील ठशांवरून एकेक बंदूक कोठून कोठे गेली हे जुळवता आले आणि घोडदळाची फळी कशी मोडत गेली, याचे चित्र उभे राहिले. यंत्र तेच होते. एकाने वस्तू नेली, दुसऱ्याने जागा नोंदली, फरक एवढाच.

नाणे कोठे सापडले?

आपल्या राज्यातही याची साक्ष आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे १९०६ साली १३ हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी क्षत्रप नहपानाची होती. त्यांपैकी सुमारे ९ हजार नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा उठवला होता. सातकर्णीने नहपानाची सत्ता मोडून त्याचे चलन आपल्या नावाने चालवले, ही गोष्ट या साठ्याने ठळकपणे सांगितली. हीच नाणी पाच-पाच, दहा-दहा करून बाजारात गेली असती, तर चांदी उरली असती. इतिहास उरला नसता.

कायद्यानेही हाच प्रश्न विचारला आहे. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ अन्वये जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास ती काय आहे, किती आहे, कोठे व केव्हा सापडली, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते आणि वस्तू सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा तारण द्यावे लागते. हे टाळणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रामाणिक माणसाला मात्र हा कायदा वाऱ्यावर सोडत नाही. निधी बेवारस ठरला आणि जमीनमालक व शोधणारा यांच्यात वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याचा व एक चतुर्थांश मालकाचा असतो. शासनाने निधी स्वतःकडे घेतल्यास धातूची किंमत आणि तिच्या एक पंचमांश इतकी अधिक रक्कम द्यावी लागते. संरक्षित स्मारकांच्या व स्थळांच्या हद्दीत परवान्याविना उत्खनन करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

गावाचे काम

यातून ग्रामपंचायतीचे आणि शाळेचे कर्तव्य स्पष्ट होते. नाणे सापडल्यास ते चिंच, लिंबू किंवा राखेने घासू नये. वरचा थर गेला की अक्षरेही जातात. गट क्रमांक, तारीख, खोली आणि सोबत मिळालेली खापरे, विटा, खिळे यांची नोंद करावी. शक्य तर जागेवरच छायाचित्र घ्यावे. तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांना आणि राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवावे. रस्त्याच्या किंवा घराच्या कामासाठी पांढरीची माती उचलण्यापूर्वी ग्रामसभेत विचार व्हावा. गुप्तधनाची अफवा उठली तर शिक्षकाने आणि सरपंचाने त्याच दिवशी लोकांशी बोलावे. रात्र उलटली की खड्डे पडलेले असतात.

धातुशोधक यंत्राला धातू कळतो, काळ कळत नाही. काळ कळतो तो नाण्याभोवतीच्या मातीवरून, आणि ती माती एकदाच उकरता येते. नाणे हाती घेण्यापूर्वी त्याची जागा वहीत उतरली, तर शिशाचे एक झिजलेले नाणेही आपल्या गावाचा इतिहास सांगू लागेल.