तलवार बोलायची तेव्हा

आज ज्यांच्याविषयी बोलायचं आहे, त्यांच्या ऐन बहरात प्रेक्षकांनी त्यांचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. मास्टर विठ्ठल, मूकपटांतले मर्दानी नायक.

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी तलवारबाजीचा विषय निघाला की आजोबा त्यांचंच नाव घ्यायचे. मूकपट चालू असताना पडद्याखाली पेटी-तबला वाजायचा, पडद्यावरच्या पाट्या एक जण मोठ्यानं वाचून दाखवायचा. पण विठ्ठलनं तलवार उपसली, की त्या वाचणाऱ्याचं कोण ऐकतंय!

कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते तयार झाले. १९२४च्या ‘कल्याण खजिना’त त्यांनी चक्क नर्तकीचं काम केलं. नाचातली तीच चपळाई पुढे मुंबईच्या शारदा फिल्म कंपनीत तलवारीत उतरली, असं मला वाटतं. हॉलिवूडच्या तलवारबहाद्दर नायकावरून लोक त्यांना हिंदुस्थानचा डग्लस फेअरबँक्स म्हणू लागले. मूकपटाला बोललेली भाषा नव्हती. त्यामुळे हा मराठी गडी कुठल्याही प्रांतात आपलाच वाटायचा.

निर्माते-दिग्दर्शक अर्देशीर इराणींनी हिंदुस्थानातल्या पहिल्या बोलपटासाठी, ‘आलम आरा’साठी, त्यांनाच निवडलं. करार मोडला म्हणून शारदा कंपनी कोर्टात गेली. विठ्ठल यांची बाजू बॅरिस्टर महंमद अली जिनांनी मांडली आणि ते सुटले. ‘आलम आरा’चं काम मध्यरात्रीनंतर चाले, कारण स्टुडिओलगत रेल्वेचे रूळ होते. गाड्या थांबल्या, की नटांच्या आसपास दडवलेले मायक्रोफोन सुरू. पण संवाद उर्दूत, आणि विठ्ठल यांची उर्दू कच्ची. म्हणून नायकाला बराच वेळ गुंगीतच दाखवलं. १४ मार्च १९३१ला मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात तो बोलपट लागला.

ही गुंगीची गोष्ट सांगून लोक विठ्ठल यांचा विषय संपवतात, आणि मला फार वाईट वाटतं. अहो, त्यानंतर कितीतरी वर्षं ते पडद्यावर होते! भालजी पेंढारकरांच्या चित्रपटांतून ते मराठी बोलले, आणि नायकपद गेलं तरी मिळेल ती भूमिका त्यांनी मनापासून केली. १९६९ साली ते गेले.

‘आलम आरा’ची एकही प्रत उरलेली नाही. बहुतेक मूकपटही असेच गेले. आजोबा मात्र माजघरात हातात लाकडी पट्टी घेऊन उभे राहायचे. उजवा गुडघा वाकवलेला, डावा पाय मागे ताणलेला, नजर समोरच्या खुंटीवर. “विठ्ठल अस्सा उभा राहायचा,” म्हणायचे, आणि आजी स्वयंपाकघरातून ओरडायची, “अहो, कंबर सांभाळा!”