सीट थांबण्यासाठी नसते



आज मी जिथे बोलतोय ती वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली. आज आपण चालवतो त्या सायकलीची पूर्वज, जॉन केम्प स्टार्ले यांची ‘रोव्हर’, १८८५ सालची. म्हणजे ती व्याख्यानमालेहून दहा वर्षांनी धाकटी. या धाकटीबद्दल थोडं बोलतो.

त्याआधीच्या सायकलीचं पुढचं चाक जवळजवळ माणसाएवढं असे. पायडल थेट त्याच चाकाला असल्यामुळे चाक किती मोठं घ्यायचं, हे पायाच्या लांबीवर ठरे. ‘रोव्हर’सारख्या सायकलींनी चेन मागच्या चाकाला नेली आणि चाक पायाच्या मापातून सुटलं. मग ते माप गेलं कुठे? सीटखालच्या नळीत. सायकल एकच, पण बसणाऱ्याप्रमाणे वरखाली होणारी.

आम्ही मात्र ती नळी गंजू दिली. आमच्या घरच्या बावीस इंची सायकलवर मी आडव्या दांड्याखालून पाय घालून शिकलो, पुढे सीटवर पोहोचलो, माझी उंची वाढली. सीट होती तिथेच. चाळिशीत गुडघे दुखू लागले, तेव्हा म्हटलं, वय झालं. कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानातल्या पोराने माझ्याकडे एकदा पाहिलं, नळीच्या सांध्यात रॉकेल सोडलं आणि दुसऱ्या दिवशी सीट चार बोटं वर घेतली. गुडघ्यांचं वय कमी झालं!

त्या पोराची रीत घरी करता येते. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल सगळ्यात खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पायडलवर चवडा येतो, तेव्हा गुडघ्यात आपोआप हलका बाक राहतो; तोच हवा. सीट फार खाली असेल तर गुडघा पुढून दुखतो. फार वर असेल तर कंबर डावी-उजवी डुलते आणि गुडघ्याची मागची बाजू ताणते. नळीवर एक खूण असते. ती बाहेर दिसू लागली की थांबायचं, नाहीतर नळी वाकते किंवा मोडते. सीट सपाट ठेवा. सीटचं नाक वर असेल तर बधिरपणा येतो, खाली असेल तर सगळा भार मनगटांवर पडतो.

सीट बसली की मग हँडल. रोजच्या फिरण्याला ते सीटच्या बरोबरीने किंवा किंचित वर असावं, कोपर थोडं वाकलेलं राहावं. जुन्या धाटणीच्या सायकलीत वरचा बोल्ट दोन-तीन आटे सैल करायचा, त्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीने हलकेच ठोकायचं. आतली पाचर सुटते आणि हँडल हलतं. इथेही खुणेची मर्यादा आहेच. दांडीचे ब्रेक असतील तर दांड्याही नव्याने लावून घ्याव्या लागतात. शेवटी बोल्ट पुन्हा आवळून पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल पिळून पाहा. फिरलं तर बोल्ट अजून सैल आहे. रस्त्यावर जाऊ नका.

आता प्रश्न येतो, “सीट वर घेतली की पाय जमिनीला टेकत नाहीत, पडलो तर?” भीती खरी आहे. पण सिग्नलला सीटवर बसून राहायचंच नसतं. ब्रेक लावत पुढे उतरायचं, एक पाय जमिनीवर, दुसरा पायडलवर. निघताना त्या पायडलवर भार द्यायचा. सायकल चालू लागते आणि आपण सीटवर येतो. दोन दिवसांत सवय होते. थांबल्यावरच्या मिनिटभराच्या निर्धास्तीसाठी आपण वाटभर गुडघ्यांना शिक्षा देतो. सीट थांबण्यासाठी नसते, चालण्यासाठी असते.

नव्या उंचीवर आठवडाभर चालवा, मग हवं तर थोडं खाली-वर करा. आणि घरात एकच सायकल तिघं चालवत असतील, तर प्रत्येकाच्या उंचीची रेघ नळीवर रंगाने ओढून ठेवा. घराघरांत भिंतीवर मुलांची उंची मांडतात ना, तशीच.