नामनिर्देशिका कोणी वाचावी?



कंपनी वाढू लागली, की कर्मचाऱ्यांची नावे, पदे व प्रवेशाचे अधिकार एकाच डिरेक्टरी सर्व्हरवर आणावे लागतात. मात्र एकत्र केलेली यादी कोणाच्या हाती पडते, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही.

याच जपानमध्ये १८७१ साली बहिष्कृत समाजांची हीनतादर्शक नावे राजाज्ञेने रद्द झाली. तरीही बुराकू वस्त्यांच्या ठावठिकाणांच्या याद्या गुप्तपणे कंपन्यांना विकल्या जात असल्याचे १९७५ साली उघड झाले. उमेदवाराचा मूळ पत्ता त्यांत ताडून त्याला नोकरी नाकारता येत असे.

म्हणून आराखडा आखतानाच तीन निर्णय व्हावेत, असे आम्हांस वाटते. पहिला, नोंद नाव वा विभागावर नव्हे, तर कर्मचारी क्रमांकावर उभारावी; म्हणजे बदली झाली तरी ती मोडत नाही. दुसरा, एलडॅप पद्धतीत व्यक्तीच्या नोंदीत आडनावाचा रकाना अनिवार्य असतो. ज्याने जातिसूचक आडनाव टाकले, त्याचे नावच तेथे पुन्हा भरावे. तिसरा, जन्मस्थान व मूळ पत्ता तेथे ठेवूच नये. उरलेला प्रत्येक रकाना कोणी वाचावा, याचे नियम करावेत आणि दुसऱ्या सर्व्हरवर प्रत ठेवताना ते तेथेही लागू आहेत ना, हे तपासावे.

१९५६ साली नागपुरात आपल्या वडीलधाऱ्यांनी जातीचे जोखड झुगारले. त्याची नवी नोंदवही आपल्या हातून लिहिली जाऊ नये. जय भीम!