लॅपटॉपचा पंखा ओरडतोय, म्हणजे लॅपटॉप गेला का?

पावसहून बोलतोय. मागे जी घरघर ऐकू येतेय ना, ती माझ्याच लॅपटॉपच्या पंख्याची आहे. एडिटिंगमध्ये काढून टाकणार होतो, पण आजचा विषयच तो आहे. म्हटलं, राहू दे.

गोष्ट गेल्या एप्रिलमधली. माझी मावसबहीण रत्नागिरीत डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. मावशीने भिशीच्या पैशातून तिला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिलेला. एक दिवस तिचा फोन. "दादा, पंखा नुसता ओरडतोय. एका दुकानात दाखवला, तर म्हणाले मदरबोर्ड जायला लागलाय, ९ हजार लागतील."

मी मीटिंगच्या गडबडीत होतो. "अगं, पंखा आहे, आवाज करणारच. नॉर्मल आहे," असं म्हणून फोन ठेवला.

चार दिवसांनी मावशीचा फोन आला. पोरीने लॅपटॉप उघडणंच बंद केलं होतं. प्रोजेक्ट सबमिशन दहा दिवसांवर, आणि ही भीतीपोटी वहीत कोड लिहीत बसलेली! मला खरंच लाज वाटली. कारण दुकानदाराने न तपासता "गेला" म्हटलं, आणि मी न तपासता "नॉर्मल" म्हटलं. फरक काय राहिला?

तर आधी हे समजून घेऊ, की आत चाललंय काय.

प्रोसेसर काम करतो तेव्हा तो जी वीज खातो, तिची जवळजवळ सगळी उष्णताच होते. ती बाहेर काढायला आत तांब्याची चपटी नळी असते, हीट पाइप. तिच्यात थोडंसं पाणी असतं. गरम टोकाला त्याची वाफ होते, थंड टोकाला जाऊन परत पाणी होतं. मोदक उकडताना झाकणाला आतून थेंब जमतात ना? तसंच. त्या थंड टोकाला बारीक पत्र्यांची जाळी असते आणि पंखा त्या जाळीतून हवा ढकलतो. म्हणजे पंखा ओरडतोय याचा पहिला अर्थ इतकाच, की तो त्याचं काम करतोय.

आता आकडे. हे प्रोसेसरच्या आतलं तापमान आहे, वरच्या बॉडीचं नाही. काहीच चालू नसताना ४० ते ५० अंश. ब्राउझर, व्हिडिओ वगैरे चालू असताना ५० ते ७०. गेम, व्हिडिओ एडिटिंग, मोठा कोड कंपाइल करताना ८० ते ९०, आणि पातळ लॅपटॉपमध्ये क्षणभर त्याच्याही वर. बहुतेक लॅपटॉप प्रोसेसरांची मर्यादा ९५ ते १०५ च्या दरम्यान असते. तिथे पोचला की तो आपणहून स्पीड कमी करतो. तरीही भागलं नाही, तर मशीन बंद करतो. ९० बघून घाबरू नका. ते माणसाचं तापमान नव्हे!

पण हे आकडे खोलीवर अवलंबून असतात, आणि इथे आपलं कोकण येतं. माझा लॅपटॉप पुण्याच्या ऑफिसात अगदी गप्प असायचा. पावसला आणला आणि ओरडायला लागला. एसीची खोली २४ अंशांची, इथली दुपारी ३३ ची. खोली ९ अंशांनी गरम, तर त्याच कामाला आणि त्याच पंख्याच्या स्पीडला आतलं तापमानही साधारण तेवढंच वर जातं. मग पंखा जोरात फिरणार. गंमत म्हणजे आपल्याला जी घामाची चिकचिक होते, तिचं लॅपटॉपला काही नसतं. त्याला घामच येत नाही! त्याला कळतं ते फक्त हवेचं तापमान आणि हवा यायला जागा आहे की नाही ते.

तर रविवारी बहीण एसटीने लॅपटॉप घेऊन पावसला आली. विंडोजवर 'एचडब्ल्यूइन्फो' नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकलं. (लिनक्सवाल्यांनो, तुमच्यासाठी 'सेन्सर्स' ही कमांड.) लॅपटॉप टेबलावर, एकही प्रोग्रॅम उघडलेला नाही, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू ३ टक्के. आणि तापमान ६८! पंखा फुल स्पीडला.

म्हणजे मीही चुकलो होतो. काम असताना आवाज, हे नॉर्मल. काम नसताना आवाज, हे नॉर्मल नाही.

विचारलं, "बसतेस कुठे घेऊन?" म्हणाली, "कॉटवर, गोधडीवर." आलं लक्षात. हवा आत घ्यायची भोकं बहुतेक लॅपटॉपच्या खालीच असतात. गोधडीने ती बंद होतात, वर कापसाचे तंतू आत जातात. खालचं कव्हर उघडलं, तर जाळीवर तंतू आणि आपल्या तांबड्या मातीची धूळ, दोन्हीचा मिळून अक्षरशः नमदा झालेला. मऊ ब्रशने तो काढला, प्रोसेसरवरची सुकलेली थर्मल पेस्ट पुसून नवीन लावली. पुन्हा मोजलं. रिकामा असताना ५०. तिचा प्रोजेक्ट चालवला, तर ८२. पंखा वाजत होता, पण काम संपल्यावर मिनिटभरात शांत झाला. मदरबोर्डला काहीही झालेलं नव्हतं. खर्च पेस्टच्या ट्यूबचा.

ती काही वेळ नुसती तो आवाज कमी होताना ऐकत बसली. मग म्हणाली, "एवढंच होतं, दादा?" प्रोजेक्ट वेळेत गेला.

तुमच्यासाठी थोडक्यात सांगतो. पंखा ओरडला की आधी टास्क मॅनेजर उघडा. कोणी सीपीयू खातंय का बघा. कधीकधी मागे अपडेट चालू असतो. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागच्या दोन कोपऱ्यांखाली बाटलीची बुचं सरकवा. साफ करताना मशीन बंद, चार्जर काढलेला. हवा मारायची तर पंख्याचं पातं काडीने अडवून धरा, त्याला गरागरा फिरू देऊ नका. तोंडाने फुंकर नको, ओल जाते. वॉरंटी असेल किंवा हात थरथरत असेल, तर उघडू नका. माहितीतल्या माणसाकडून "फक्त साफ करून पेस्ट बदला" एवढंच काम सांगा.

खरं घाबरायचं कधी? पंखा खरखरत किंवा घासत असेल, मशीन तापलेलं असून पंखा अजिबात फिरत नसेल, काम करताना लॅपटॉप अचानक बंद पडत असेल, तेव्हा दाखवून घ्या. आणि टचपॅड वर उचललेला दिसला, तर बॅटरी फुगलेली असू शकते. तेव्हा लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका.

जाता जाता. तुम्ही हे ज्या फोनवर ऐकताय, त्याला बहुधा पंखा नाही. तो तापला की ओरडत नाही, गुपचूप हळू होतो. उन्हात, चार्जिंगला लावून गेम खेळताना तेवढं लक्षात ठेवा.

आणि हो, कोणी तुम्हाला "गेला" म्हणो की "नॉर्मल" म्हणो, आधी विचारा: मोजलंस का?

चला, भेटू पुढच्या भागात. माझा पंखा अजून चालूच आहे. ५८ अंश. मी निवांत आहे.