हिस्से पाडताना कायदा पाहा, पाण्याचा उतारही पाहा

(बोदलकसा, ता. तिरोडा, जि. गोंदिया येथील शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



धानाच्या रोवणीबद्दल किंवा खोडकिडीबद्दल बोलण्याऐवजी आज मी जमिनीच्या हिस्सेवाटणीवर बोलणार आहे. पीकशास्त्राच्या माणसाने हा विषय का घ्यावा, असे तुम्हाला वाटेल. कारण सरळ आहे. बियाणे चांगले, खत वेळेवर, तरीही उत्पन्न हाती लागत नाही अशा अनेक शेतांत दोष पिकाचा नसून शेताच्या आकाराचा असतो. बांधी इतकी चिंचोळी की ट्रॅक्टर वळत नाही, वर पाणी आहे पण खाली येत नाही, रोवणीला जायला वाट नाही. अशा शेताला कोणतेही वाण वाचवू शकत नाही.

बोदलकशाचा तलाव 1917 साली बांधला गेला. शंभर वर्षांहून अधिक काळ या परिसरातील धानाला तलाव आणि नहरांचा आधार आहे. तलाव तोच राहिला, परंतु त्याखालच्या शेतांचे धुरे पिढीगणिक वाढले. म्हणून वाटणीचे नियम आज काय आहेत आणि ते पाळूनही शेत कसे सांभाळावे, हे पाहू.

तुकडेबंदी कायदा काय सांगतो?

जमिनीचे तुकडे ही काही आजची अडचण नाही. आपला भाग मध्य प्रांतात असताना, 1928 साली, त्या सरकारने तुकडे एकत्र करण्याचा कायदा केला व त्याचे काम छत्तीसगड भागात झाले. मुंबई राज्याने 1947 साली तुकडेबंदी व एकत्रीकरणाचा कायदा केला. आज महाराष्ट्रात तोच कायदा, वेळोवेळी झालेल्या सुधारणांसह, लागू आहे.

या कायद्यात 'प्रमाणभूत क्षेत्र' ही कल्पना महत्त्वाची आहे. त्याहून कमी क्षेत्राचा भाग म्हणजे तुकडा. शासनाने 8 ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने अकोला व रायगड वगळता 32 जिल्ह्यांसाठी प्रमाणभूत क्षेत्र नव्याने ठरविले. आपला गोंदिया जिल्हा त्यात आहे. जिरायत जमिनीसाठी 20 गुंठे आणि बागायत जमिनीसाठी 10 गुंठे, असे हे क्षेत्र आहे. आपल्याकडील डिसमिलच्या हिशेबात जिरायत 50 डिसमिल आणि बागायत 25 डिसमिल झाले. शेताला तलावाचे पाणी मिळते म्हणून ते कागदावर बागायत असेलच असे धरून चालू नये. नोंद काय आहे हे तलाठ्यांकडून, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडून, आधी पाहून घ्यावे.

कायद्यातील चार गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

1. कलम 8 प्रमाणे नवा तुकडा पडेल अशी विक्री किंवा हस्तांतरण करता येत नाही.

2. कलम 8-अअ प्रमाणे वाटणीसुद्धा तुकडा पडणार नाही अशीच करावी लागते. एखाद्याचा हिस्सा प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा कमी भरत असेल, तर त्याला जमिनीऐवजी पैशाच्या रूपात मोबदला देण्याची तरतूद आहे.

3. आधीपासून तुकडा असलेली जमीन कलम 7 प्रमाणे लगतच्या शेताच्या मालकाला देता येते. तुकडा शेजारच्या शेतात मिसळावा, हा त्यामागील हेतू आहे.

4. वारसांची नावे एकाच सातबाऱ्यावर सामाईक लागणे म्हणजे तुकडा नव्हे. नावे चार असली तरी शेत एक राहू शकते.

विहीर, शेतरस्ता, सार्वजनिक कामासाठी संपादन झाल्यावर उरलेली जमीन आणि ग्रामीण घरकुल या कारणांसाठी मार्च 2024 मध्ये नियमांत सवलत देण्यात आली. विहिरीसाठी जास्तीत जास्त 5 गुंठे आणि घरकुलासाठी प्रत्येक लाभार्थ्यास 1000 चौरस फूट जागा जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीने घेता येते. ती जागा त्याच कारणासाठी वापरावी लागते.

कायद्यात बसले म्हणजे शेतीला परवडले का?

दहा गुंठे ही कायद्याची खालची मर्यादा आहे. त्यावरून तितकाच हिस्सा पाडावा, अशी शिफारस कोणी समजू नये. एक हिशेब करून पाहू.

समजा, तीन भावांकडे तीन ठिकाणी प्रत्येकी 1 एकराची तीन शेते आहेत. आपल्याकडील रीत अशी की प्रत्येक शेताचे तीन हिस्से होतात. कारण एक शेत नहरेजवळ, दुसरे वरच्या अंगाला आणि तिसरे गावालगत. कोणावर अन्याय नको. अशा रीतीने नऊ पट्ट्या पडतात आणि प्रत्येक पट्टी सव्वातेरा गुंठ्यांच्या थोडी वर भरते. जमीन जिरायत असेल तर ही वाटणी कायद्यातच बसत नाही. बागायत असेल तर बसते.

परंतु शेतीचे काय होते? चौकोनी एकराची बाजू सुमारे 63.6 मीटर असते. एका शेतात दोन नवे धुरे आले, म्हणजे तीन शेतांत सहा. त्यांची लांबी सुमारे 380 मीटर होते. धुऱ्याची रुंदी पायथ्याशी 1 मीटर धरली, तरी पावणेचार गुंठे जमीन केवळ धुऱ्यांखाली गेली. पट्टीची रुंदी जेमतेम 21 मीटर उरते. चिखलणीच्या वेळी ट्रॅक्टर वारंवार वळवावा लागतो, कोपरे सुटतात आणि भाडे तासावर द्यावे लागते. प्रत्येक धुरा म्हणजे गवत, उंदरांची बिळे आणि दरवर्षीची बांधबंदिस्ती आलीच.

आता दुसरा मार्ग पाहा. तीन शेते तीन भावांना एकेक द्यावीत. नहरेजवळच्या शेताची किंमत जास्त, म्हणून ते घेणाऱ्याने इतर दोघांना फरकाची रक्कम द्यावी. रक्कम एकदम जमत नसेल तर हप्ते लेखी ठरवावेत. एकही नवा धुरा नाही, एकही तुकडा नाही. फरकाची रक्कम ठरविताना दोन दिवस वाद होईल, पण धुऱ्याचा वाद दोन पिढ्या चालतो.

वाटणीत बहिणींचाही हक्क आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये आणि केंद्राने 2005 मध्ये हिंदू कुटुंबातील मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांप्रमाणे हक्क दिला. हक्कसोड कोणाकडून गृहीत धरू नये. जमीन लहान असेल आणि बहिणीला शेती करणे शक्य नसेल, तर तिच्या हिश्शाची योग्य किंमत देणे हा सरळ मार्ग आहे.

एकच शेत वाटायचे असेल तर

काही कुटुंबांकडे एकच शेत असते. तेथे धुरा कोणत्या दिशेने पाडावा हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

धानाच्या शेतात पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरते. उताराला आडवे हिस्से पाडले तर वरचा भाऊ पाण्याचा मालक होतो आणि खालचा त्याच्या मर्जीवर राहतो. पावसाने ताण दिला की पहिले भांडण तेथेच होते. अतिवृष्टी झाली की वरचे पाणी खालच्याच्या धानात शिरते. त्याऐवजी हिस्से उताराच्या दिशेने, वरपासून खालपर्यंत, पाडावेत. प्रत्येकाच्या वाट्याला थोडी वरची, थोडी मधली आणि थोडी खोलगट जमीन येते. डोक्याकडून पाट गेला असेल तर प्रत्येकाला आपले तोंड मिळते. प्रत्येकाच्या पट्टीत आडव्या बांध्या राहतीलच, पण त्या त्याच्या स्वतःच्या असतील.

पट्ट्या फारच चिंचोळ्या होत असतील, तर जमीन सामाईक ठेवून पीक वाटून घ्यावे किंवा एकाने शेती करून इतरांना मोबदला द्यावा.

वाट आणि पाणी कागदावर आणावे

वाटणीपत्रात क्षेत्र लिहिले जाते, पण वाट आणि पाण्याचा हक्क लिहायचा राहून जातो. जोवर भाऊ आहेत तोवर तोंडी चालते. पुढची पिढी मात्र कागद विचारते.

विदर्भातील गावांना या बाबतीत जुना आधार आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 161 खाली निस्तारपत्रक आणि कलम 165 खाली वाजिब-उल-अर्ज ठेवले जाते. गावातील वाट, पाणी व मासेमारी यांच्या वहिवाटी वाजिब-उल-अर्जात नोंदलेल्या असतात. वाटणीपूर्वी ते काढून पाहावे. तलावातून येणारा पाट कोणाच्या बांधीतून जातो, हे त्यात सापडू शकते.

शेतात जायला वाटच नसेल तर संहितेच्या कलम 143 खाली धुऱ्यावरून वाट मिळण्यासाठी तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. असलेली वाट कोणी अडविली तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 चा आधार घेता येतो. यंत्रांची गरज लक्षात घेऊन शासनाने मे 2025 मध्ये शेतरस्ता किमान 3 ते 4 मीटर रुंदीचा असावा व त्याची नोंद सातबाऱ्यावर 'इतर हक्क' सदरात घ्यावी, असे ठरविले. वाटणी करतानाच तेवढी जागा सर्वांच्या संमतीने सोडावी आणि नोंदवावी.

सर्वांची सहमती असेल तर संहितेच्या कलम 85 प्रमाणे तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करावा. मोजणी करून हिस्से निश्चित झाल्याशिवाय धुरा टाकू नये.

शहरालगतच्या शेतकऱ्यांसाठी

तिरोडा व गोंदिया शहरांजवळ ज्यांची शेते आहेत, त्यांना 'गुंठ्यावर विका, एकराचे चाळीस प्लॉट होतात' असे सांगणारे भेटतात. येथे नियम वेगळे आहेत.

पूर्वी नगरपरिषदांना वेगळी आणि महानगरपालिकांना वेगळी विकास नियंत्रण नियमावली होती. राज्य शासनाने डिसेंबर 2020 मध्ये एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली मंजूर केली. मुंबईसारखी काही क्षेत्रे वगळता राज्यभर, आपल्या नगरपरिषदांतही, प्लॉट पाडण्याचे नियम त्यामुळे एकसारखे झाले. जमीन 0.40 हेक्टर किंवा अधिक असेल तर 10 टक्के जागा मोकळी सोडावी लागते. अंतर्गत रस्ते ठरलेल्या रुंदीचे लागतात आणि रस्ता जितका लांब तितकी रुंदी वाढते. म्हणजे एका एकरातून सुमारे 4 गुंठे मोकळ्या जागेला आणि त्याशिवाय रस्त्यांना जातात. चाळीस गुंठ्यांचे चाळीस प्लॉट कधीच होत नाहीत.

शहराच्या विकास योजनेत रहिवासी वापराला ठेवलेल्या जमिनीस तुकडेबंदी लागू नाही हे खरे. तेथे ले-आऊटची, म्हणजे अभिन्यासाची, मंजुरी मात्र लागते. दस्त नोंदला गेला म्हणजे मंजुरी मिळाली, असा समज करून घेऊ नये. अशा लहान प्लॉटचे दस्त मंजुरीशिवाय नोंदवू नयेत, असे परिपत्रक जुलै 2021 मध्ये निघाले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मे 2022 मध्ये ते रद्द केले. नोंदणीचा मार्ग त्यामुळे मोकळा झाला, पण बांधकाम परवाना, रस्ता आणि नळ यांचे प्रश्न घेणाऱ्यापुढे तसेच राहिले.

नोव्हेंबर 2025 च्या अध्यादेशाने 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात झालेले, शहरी व अकृषिक वापराच्या क्षेत्रातील तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची सोय झाली. ज्यांचे जुने प्लॉट असे अडकले आहेत त्यांनी तिचा लाभ घ्यावा. पण तारीख नीट वाचावी. ही सवलत मागील व्यवहारांना आहे. आज धानाच्या बांधीचे गुंठे पाडून विकणाऱ्याला तिचा उपयोग नाही.

वाटणीपूर्वी हे करा

1. सर्व शेतांचे सातबारा, आठ-अ व नकाशे एकत्र काढा. जिरायत की बागायत ही नोंद तपासा.
2. पावसाळ्यात शेतात उभे राहून पाणी कोठून येते व कोठे जाते, ते कच्च्या नकाशावर काढा.
3. शक्यतो पूर्ण शेत एका वारसाला द्या. फरक पैशात भागवा.
4. शेत वाटावेच लागले तर उताराच्या दिशेने वाटा. वाट व पाट आधी सोडा, मग हिस्से मोजा.
5. सर्व वारसांच्या, बहिणींसह, सह्या घ्या. वाट व पाण्याचा हक्क वाटणीपत्रात लिहा.

येत्या पावसात घरातील सर्व वारसांनी एकदा मिळून शेताला फेरी मारावी. पाणी कोणत्या बांधीतून कोणत्या बांधीत उतरते, हे सर्वांनी एकत्र पाहावे आणि त्यानंतरच तहसील कचेरीची वाट धरावी.