तळ्याचा काठ राखा
(कोल्हापूर येथील जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारी पिकवणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याने पाणथळीची चिंता कशाला करायची? त्याच्या वाट्याला पाटाचे पाणी नाही. आहे तो गावचा पाझर तलाव. म्हणून त्याच तलावाचे बोलू.

तलावाचा जीव उथळ काठात असतो. गुडघाभर पाण्यात, लव्हाळ्यात, पाणकणसात मासे अंडी घालतात. बेडूक आणि चतुर वाढतात. शिवारातून वाहून आलेली माती अडते. तिथे पोसलेले बगळे आपल्या रानात किडे-अळ्या टिपतात. ही राखण बिनपगारी आहे.

निफाड तालुक्यात गोदावरीवर इंग्रजी अमदानीत नांदूरमधमेश्वरचा बंधारा झाला, तो पाटाच्या पाण्यासाठी. गाळ साचला, उथळ बेटे झाली आणि पाखरे आली. १९८६ साली अभयारण्य झाले. २०२० साली राज्यातले पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात जो तोटा, तोच पाखरांचा संसार ठरला. उलट आपल्या रंकाळ्याचे पाहा. शहराचे सांडपाणी मिसळत गेले, त्या खतावर केंदाळ माजले. केंदाळाने पाणी झाकले की खाली उजेड जात नाही, प्राणवायू संपतो, मासे मरतात.

कायदा गावतळ्याच्या मदतीला येईल या भरवशावर राहू नका. सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव २०१७ च्या केंद्रीय पाणथळ नियमांतून वगळलेले आहेत. तेव्हा ग्रामसभेनेच ठराव करावा.

एक : गाळ जरूर काढा, रानात टाका; पण मधला काढा. काठ उभा कापू नका, उतरता ठेवा.
दोन : लव्हाळा एकदम साफ करू नका. यंदा एक बाजू, पुढल्या साली दुसरी.
तीन : गाळपेर करताना पाण्यालगतचा पट्टा सोडा. फवारणीचा पंप तलावात धुऊ नका.
चार : गुरांचे पाणी एका अंगाला ठेवा, समोरचा काठ हिवाळाभर पाखरांना मोकळा सोडा.

आता दुसरी बाजू. पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो आणि काठच्या रानातला हरभरा खातो. पाखरू देशाचे आणि नुकसान एकट्या शेतकऱ्याचे, हा कुठला न्याय? पाहुण्याचे कौतुक साऱ्यांनी करायचे, तर जेवणाचा खर्चही साऱ्यांनी उचलावा. पंचनामा होऊन भरपाई मिळालीच पाहिजे. काठ आपण राखू. ही मागणी त्याच ठरावात लिहा.