बाईंचा आणखी एक तास
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



तुमच्यातल्या काहींचे केस माझ्याइतकेच पांढरे झालेत, तरी समोर बसलात की मला वर्गच दिसतो. "बाई, एक तास घ्याच," असा तुमचा आग्रह. तेव्हा आज तोच धडा: आम्ल, आम्लारी आणि क्षार.

मुलुंड पूर्वेला शिकलेल्यांना क्षार वेगळा दाखवावा लागत नव्हता. मिठागरं जवळच होती, पार भांडुप-कांजूरपर्यंत. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. वाफ्यात पाणी आटू लागलं की आधी जिप्सम खाली बसतं, मग मीठ. उरलेलं कडू पाणी वेळीच काढून टाकतात, कारण त्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते मिठात राहिले तर पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं.

तेच मीठ प्रयोगशाळेतही तयार होतं. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड, दोन्ही कातडी जाळणारी. योग्य मापात एकत्र आली की उरतं मीठ आणि पाणी. याला उदासिनीकरण म्हणतात, आठवतंय ना?

लिटमस शैवाकापासून मिळतो. गोड्या मसाल्यातलं दगडफूल हेही शैवाकच. आणि हळद तर घरचाच दर्शक. शर्टावरचा हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही याच गुणामुळे.

पण आजचा तास मी घेतला तो पुढच्या गोष्टीसाठी. संडास साफ करायच्या बऱ्याच द्रवांत हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. फरशी अजून लख्ख व्हावी म्हणून त्यावर कुणी ब्लीचिंग पावडर टाकतं. तिथे निरुपद्रवी मीठ-पाणी होऊन भागत नाही, क्लोरीन वायू सुटतो. आपली न्हाणीघरं केवढीशी! दार बंद असेल तर जिवावर बेतू शकतं. उग्र वास आला, डोळे चुरचुरले, तर हातातलं तसंच टाकून बाहेर मोकळ्या हवेत या. पुसत बसू नका.

आज घरी गेल्यावर बाटल्यांवरची लेबलं वाचा. आम्ल एका फळीवर, ब्लीच दुसरीकडे ठेवा. कामाला येणाऱ्या ताईंनाही नीट समजावून सांगा, कारण बाटली बहुतेक वेळा त्यांच्याच हातात असते.

यावर परीक्षा नाही. गृहपाठ मात्र आहे, आणि तो आजच करायचा.